आईला स्वाइन फ्लू, बाळाला अंगावर पाजायचं का?

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं, आईला 101 ताप. पाजणं बंद करावं का?

उत्तर १: अजिबात नको. फ्लू दुधातून नाही, खोकल्या-शिंकांच्या थेंबांतून पसरतो. दुधातून उलट प्रतिपिंडं (आजाराशी लढणारे घटक) मिळतात. पाजण्याआधी साबणाने 20 सेकंद हात धुवा. मास्क नाकावरच हवा, ओला झाला की बदला. आणि ज्या पदराने नाक पुसलं, तोच बाळावर पांघरू नका! हे हमखास होतं.

उत्तर २: आईला उठवत नसेल तर दूध काढून घरातल्या निरोगी माणसाने वाटी-चमच्याने पाजावं. काढलेलं दूध फ्रिजबाहेर 25 अंश सेल्सिअसपर्यंत चार तास टिकतं. न काढता स्तनात दूध साचलं तर गाठी येतात.

उत्तर ३: आईला पॅरासिटामॉल, ऑसेल्टामिविर (फ्लूचं औषध) चालतं. सुडोएफेड्रिनची सर्दीची गोळी टाळा, दूध कमी होतं. बाळाला ताप आला, ते पिईना, किंवा श्वास मिनिटाला 60च्या वर गेला, तर लगेच दवाखाना.