इन्फर्मेशन आर्किटेक्चरसाठी दुसऱ्या क्षेत्राकडून तुम्ही नेमकं काय उचललंत?

अनुक्रमणिका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बाणेरच्या एका छोट्या डिझाइन कंपनीत मी इन्फर्मेशन आर्किटेक्चरचं, म्हणजे साइटवरची माहिती लोकांना सापडेल अशी मांडण्याचं, काम करते. सध्या हातात शेतीपंपांच्या सुट्या भागांची वेबसाइट आहे. ती वापरणारे म्हणजे शिरूर, दौंड, बारामतीकडचे डीलर आणि त्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून पंप उघडणारे मेकॅनिक. साइटची मांडणी कारखान्याच्या खात्यांप्रमाणे आहे: आधी सबमर्सिबल की मोनोब्लॉक, मग सिरीज, मग मॉडेल, मग भाग. कारखान्यातल्या माणसाला ती चोख वाटते. मेकॅनिकच्या हातात मात्र झिजलेला बुश (शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा ज्यात फिरतो ते कडं) असतो आणि पंपावरची पाटी केव्हाच घासून गेलेली असते. तो साइट बंद करतो, तुकड्याचा फोटो काढून डीलरला व्हॉट्सॲप करतो, डीलर तोच फोटो कंपनीतल्या कुणाला तरी पुढे ढकलतो. म्हणजे खरी शोधयंत्रणा व्हॉट्सॲपवर चालते आणि साइट शोभेला.

आमच्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे कार्ड सॉर्टिंग (वस्तूंची नावं लिहिलेली कार्डं लोकांना गटांत लावायला सांगणं) आणि मग ट्री टेस्टिंग (नुसता मेनू देऊन त्यात गोष्टी शोधायला लावणं). दोन्ही झालं. डीलरांनी कार्डं ब्रँडप्रमाणे लावली. मेकॅनिकांनी 'पाण्यातलं' आणि 'पाण्याबाहेरचं' असे ढीग केले. एका काकांनी तर ढीगच केले नाहीत, लवकर झिजणाऱ्यापासून उशिरा झिजणाऱ्यापर्यंत सगळी कार्डं एका रांगेत मांडली. (मला तीच मांडणी सगळ्यात आवडली, पण आमच्या सॉफ्टवेअरला रांग कळत नाही, त्याला गठ्ठे लागतात.) या सगळ्याची सरासरी काढून जो मेनू निघाला तो कुणाच्याच कामाचा नाही.

आपलं क्षेत्र मुळात उसनवारीवर उभं आहे. आपल्या क्षेत्राचं नाव रूढ करणारा रिचर्ड सॉल वर्मन हा पेशाने वास्तुविशारद, आणि १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन वास्तुविशारदांचं जे अधिवेशन भरलं त्याचा विषयच माहितीचं आर्किटेक्चर हा होता. पुढे ग्रंथालयवाल्यांनी वर्गीकरण दिलं. त्यानंतर मात्र आपण एकमेकांचेच ब्लॉग वाचत बसलोय असं मला वाटतं.

तर प्रश्न असा: दुसऱ्या कुठल्या क्षेत्रातली कामाची पद्धत तुम्ही खरोखर वापरली आहे का? उपमा नकोत. 'वेबसाइट म्हणजे एक शहर' ही स्लाइड मी भरपूर पाहिली आहे. उद्या सकाळी टेबलावर बसून करता येईल असं काही सांगा.

---

दगडी_वाडा

मी वास्तुविशारद, त्यामुळे त्या शहरवाल्या स्लाइडबद्दल आमच्या जमातीतर्फे दिलगीर आहे. नगररचनाकार केव्हिन लिंचने 'द इमेज ऑफ द सिटी'मध्ये शहराच्या घटकांना दिलेली पाच नावं, वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा, सगळे उचलतात. १९६० च्या त्या पुस्तकातलं उचलण्यासारखं काम वेगळंच आहे. त्याने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना आपापल्या शहराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला, आणि नकाशात काय गाळलं गेलं ते बघितलं.

हे पुण्यात करून बघा. शनिवार पेठेत वाढलेला माणूस अप्पा बळवंत चौक बरोबर काढेल, पण लक्ष्मी रोड आणि नदी यांच्यामधलं अंतर भलतंच लिहील. तुमच्या डीलरला कागद देऊन सांगा, 'साइट आठवून काढा.' जे कागदावर येणार नाही ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही, मेनूत कितीही ठळक असो. कार्ड सॉर्टिंगमध्ये तुम्ही नावं छापून देता. इथे नावंसुद्धा त्यालाच आठवावी लागतात.

---

हर्बेरियमवाले_काका

मी आयुष्यभर वनस्पतींचे नमुने सांभाळले, आता निवृत्त. तुमच्या वेबसाइटचं मला काही कळत नाही. पण तुमचा प्रश्न वाचून वाटलं की तुम्ही ज्याच्याशी झगडताय ते आमच्याकडे फार पूर्वी दोन वेगळ्या कामांत वाटून टाकलेलं आहे.

पहिलं काम वर्गीकरण. कुठली वनस्पती कुठल्या कुळातली, कोणाची नातेवाईक. भारतातल्या बऱ्याच हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) कपाटं अजूनही बेंथम आणि हूकर यांच्या क्रमाने लावलेली सापडतील, आणि ती पद्धत १८६२ ते १८८३ दरम्यानची आहे. डीएनएच्या अभ्यासामुळे १९९८ पासून कुळांची बरीच फेरमांडणी झाली, तरी कपाटं हलवण्याचा खटाटोप फारसा कोणी करत नाही. कारण कपाटाचं काम एवढंच की ठेवलेली गोष्ट त्याच जागी परत मिळावी.

दुसरं काम ओळख पटवणं. त्यासाठी आयडेंटिफिकेशन की असते, आपण तिला किल्ली म्हणू. जोडी-जोडीने विधानं असतात: पानं समोरासमोर, किंवा पानं एकाआड एक. जे लागू पडेल ते घ्यायचं, त्यापुढे लिहिलेल्या क्रमांकाच्या जोडीवर जायचं, असं करत नावापर्यंत पोचायचं. नात्यागोत्याशी किल्लीला देणंघेणं नसतं. दोन अगदी लांबच्या कुळांतल्या वनस्पती किल्लीत शेजारी येतात, कारण दोघींना चीक आहे. वर्गीकरण म्हणून हे चूक, ओळखीसाठी अगदी बरोबर.

तुमच्या कारखान्याचं सबमर्सिबल, सिरीज, मॉडेल हे कपाट आहे. चांगलं आहे, मोडू नका. मेकॅनिकला किल्ली हवी आहे आणि तुम्ही त्याला कपाटाच्या खणांची यादी देताय.

किल्ली लिहिण्याचे काही दंडक आमच्या वरिष्ठांनी आमच्याकडून घोटून घेतले, ते सांगतो. पहिला प्रश्न भिंगाशिवाय उत्तर देता येईल असा हवा. नमुना ज्या अवस्थेत हाती येण्याची शक्यता आहे त्याच अवस्थेवर प्रश्न हवेत. सिंहगडाच्या बाजूला कारवी आहे, ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. कारवीच्या किल्लीत पहिलाच प्रश्न फुलाच्या रंगाचा टाकला तर मधली सगळी वर्षं ती किल्ली कुलूपच राहणार. तुमच्या साइटवर पहिला प्रश्न मॉडेल नंबरचा आहे आणि पाटी घासलेली आहे. तेच झालं.

'मोठं' आणि 'लहान' असं लिहायचं नाही, सेंटिमीटर लिहायचे. दोन्ही विधानं एकाच गोष्टीबद्दल हवीत. एका बाजूला पानाचं आणि दुसऱ्या बाजूला खोडाचं वर्णन, असं लिहिलं की आमचे सर कागद परत करायचे, तेही काही न बोलता. आणि एखादी वनस्पती दोन्हीकडे बसू शकत असेल, म्हणजे पानं कधी समोरासमोर तर कधी एकाआड एक, तर तिला दोन्ही वाटांवर ठेवायचं. नवख्याला ती पुनरुक्ती वाटते. ती मुद्दाम असते.

अजून एक, मग थांबतो. नमुन्याचं नाव बदललं की जुनी चिठ्ठी आम्ही काढत नाही. नव्या नावाची डिटरमिनेशन स्लिप शेजारी चिकटवतो, तिच्यावर बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख. काही शीटवर अशा चार-चार स्लिपा असतात. कोणी जुनं नाव घेऊन आला तरी त्याला योग्य शीटपर्यंत नेता येतं, आणि कोणाचं मत कधी बदललं तेही दिसतं. तुमच्याकडे पार्टचा नंबर बदलला की जुना पुसून टाकतात का? मेकॅनिकच्या डायरीत जुनाच असणार.

जाता जाता पुण्याचं म्हणून सांगतो. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जो मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला तो लिहिणारे थिओडोर कुक हे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, प्राचार्य होते. दुसऱ्या विषयात शिरण्याची पुण्याला सवय आहे.

---

रिलीज_शुक्रवारी

काका, वाचायला मजा आली. पण मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे, म्हणून नाट लावतो. किल्ली म्हणजे आमच्या भाषेत एकामागून एक प्रश्न विचारणारा विझार्ड, आणि सहा पायऱ्यांचा विझार्ड कोणी पूर्ण करत नाही. फोटो टाकून शोधायची सोय करा, विषय संपला. २०२० च्या दशकात झाडाचंही नाव फोन सांगतो.

---

हर्बेरियमवाले_काका

फोन सांगतो खरा. पण फुलाविना, पानं सुकलेली असली की तो कुळापाशीच अडखळतो आणि तरीही ठाम नाव सांगून मोकळा होतो. झिजलेला बुश म्हणजे सुकलेलं पानच की हो. फोटोची सोय जरूर करा. उत्तर पडताळायला दोन प्रश्न मात्र ठेवा.

---

खण_आणि_खूण

रंगनाथनांचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? मी ग्रंथपाल आहे, मला गप्प बसवत नाही. रंगनाथन आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ, त्यांची पुस्तकांची कोलन वर्गीकरण पद्धत १९३३ ची. तिच्यातले पैलू (एकाच गोष्टीकडे बघायच्या वेगवेगळ्या बाजू, जसं मॉडेल, भाग) आज प्रत्येक खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला फिल्टर बनून बसलेत, त्यामुळे रंगनाथन आपण घेतले असं सगळ्यांना वाटतं. पैलूंचा क्रम मात्र कोणी घेत नाही. जो पैलू पुढे ठेवाल त्याच्या गोष्टी एकत्र येतात आणि मागच्या पैलूंच्या विखुरतात. आधी मॉडेल आणि मग भाग असं ठेवलंत तर सगळ्या मॉडेलांचे बुश शंभर ठिकाणी पांगणार. याला उपाय नाही, प्रत्येक क्रम काहीतरी पांगवतोच. म्हणून पांगलेलं गोळा करायला वेगळी सूची करतात. अनुक्रमणिकाताई, मेनू ठरला की त्याने काय काय पांगलं ते लिहून काढा. तुमची सूची कशाची हवी ते त्यातूनच कळेल.

---

पोथीवाली

मी संस्कृतवाली, आता एका बँकेच्या मजकुराचं काम करते. माझी उसनवारी भांडारकर संस्थेची.

तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून मूळच्या जवळचा मजकूर ठरवण्याचं, काम १९१९ ते १९६६ चाललं. हस्तलिखितं ताडून बघायचा एक विशिष्ट तक्ता होता. वर प्रमाण धरलेला श्लोक, एकेक अक्षर सुटं करून लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ, आणि पाठ (त्या पोथीतला मजकूर) जिथे वेगळा असेल तिथेच, त्या अक्षराखाली, नोंद करायची. जुळतं तिथे कोरं. त्यामुळे फरक कुठे साचलेत ते नजरेत भरतं.

कर्जाच्या अटी आमच्याकडे असंख्य पीडीएफमध्ये थोड्याथोड्या वेगळ्या होत्या. मजकुराची तपासणी म्हणून सगळे एक्सेलमध्ये लिंक, शीर्षक, शेवटची तारीख असं भरत होते. त्यातून फरक कधीच दिसला नसता. मी वर एक वाक्य ठेवलं, शब्द सुटे केले, आणि खाली एकेक पीडीएफ.

पण याहून मोठी गोष्ट वंशावळीची. एका पोथीवरून दहा पोथ्या उतरवल्या असतील तर त्या दहा साक्षी होत नाहीत, साक्ष एकच. मतं मोजायची नाहीत, कोण कोणावरून उतरलंय ते आधी शोधायचं. सुकथनकरांनी संपादन हाती घेतल्यावर पोथ्यांच्या शाखा लावण्यावर एवढी मेहनत घेतली ती याचसाठी.

आता तुमच्या कार्ड सॉर्टिंगकडे बघा. सगळ्या डीलरांनी ब्रँडप्रमाणे कार्डं लावली म्हणता. त्या सगळ्यांना एकाच सेल्स ऑफिसरने एकाच कॅटलॉगवरून शिकवलेलं असेल तर ते अनेक लोकांचं मत नाही, एका कॅटलॉगच्या प्रती आहेत. आणि ते रांग लावणारे काका वेगळ्या शाखेचे आहेत. आमच्याकडे अशी पोथी सापडली की तिला एकटी म्हणून बाजूला टाकत नाहीत, उलट जास्त जपतात. तिचा पाठ मूळचाच असतो असं नाही, पण ती विचारात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

---

अनुक्रमणिका

पोथीवाली, डीलरांचं तुम्ही म्हणता तसंच निघालं. आज दोघांना फोन करून विचारलं. दोघांचंही प्रशिक्षण एकाच ठिकाणी झालेलं, कॅटलॉगही एकच. मेकॅनिक मात्र वेगवेगळ्या उस्तादांकडे शिकलेले आहेत, तरीही पाण्यातलं आणि पाण्याबाहेरचं हा भेद सगळ्यांत आहे. आता त्याचं वजन मला जास्त वाटतंय.

वाडा, नकाशाचा प्रयोग शनिवारी दौंडला करणार आहे. रिलीज_शुक्रवारी, फोटोचं बघतेय, पण पायऱ्यांचा मुद्दा मला पटलेला नाही. समोर पंप उघडा पडलाय आणि शेतकरी डोक्यावर उभा आहे, अशा वेळी मेकॅनिक सहा प्रश्नांची उत्तरं देईल. खरेदीच्या साइटवरचं गिऱ्हाईक वेगळं.

काका, किल्लीची पहिली जोडी लिहून बघितली आहे:

१क. तुकडा रबराचा: २ वर जा
१ख. तुकडा धातूचा: ५ वर जा

हे चालेल का?

---

हर्बेरियमवाले_काका

नाही चालणार. माझ्या पुतण्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याला आत्ताच विचारलं. मेकॅनिकल सीलमध्ये रबर आहे, स्टीलची स्प्रिंग आहे, आणि घासणारा पृष्ठभाग कार्बनचा. तो कुठे जाईल? शिवाय प्लास्टिकचे इंपेलर (पाणी ढकलणारी पाती असलेलं चक्र) दोन्हींत बसत नाहीत. पदार्थ हा पहिला प्रश्न नकोच. तो म्हणतो, तुकड्याच्या मधून शाफ्ट जातो की नाही हे डोळे मिटून सांगता येतं, झिजला असला तरी. तिथून सुरुवात करा:

१क. मधून शाफ्ट जाण्याचं भोक आहे: २ वर जा
१ख. असं भोक नाही: पुढचा क्रमांक तुम्ही ठरवा

मग भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण झिजलेल्या बुशाचं भोक मोठं झालेलं असतं, म्हणून बाहेरचा व्यास विचारा. बुश बाहेरून पंपाच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो, त्यामुळे कमी झिजतो. व्यास मोजायचा व्हर्निअर सगळ्यांकडे असतो का, हे तेवढं दौंडला विचारून या.