कॉन्करंटहॅशमॅप वापरूनही मोजणी कमी भरते, चूक कुठे?

हिंजवडी_फेज२
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या बसमार्गांवरून येणाऱ्या जीपीएस नोंदी मार्गवार मोजायच्या आहेत. त्या मॅपमध्ये (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारी रचना) ठेवतो: की म्हणजे 'कात्रज–शिवाजीनगर' असा मार्ग आणि व्हॅल्यू म्हणजे नोंदींची संख्या. जावा १७, नोंदी घेणारे थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) ८. आधी साधा हॅशमॅप होता, तो काढून अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येणारा कॉन्करंटहॅशमॅप टाकला. गेट करून आकडा घेतो, १ मिळवतो, पुट करतो. प्रत्येक थ्रेडने १ लाख नोंदी टाकल्या तर ८ लाख भरायला हवेत. दर वेळी वेगळा आकडा येतो आणि कमीच येतो. एक्सेप्शन (चालताना येणारी चूक) एकही नाही. शिवाय दर मिनिटाला आकडे वाचून शून्य करायचे आहेत. सरळ सगळ्या मेथडना सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणं) लावू का?

कर्वेनगर_जावा
मॅप थ्रेड-सेफ आहे (अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी बिघडत नाही), तुमची मोजणी नाही. गेट सुरक्षित, पुटही सुरक्षित. दोन्हींच्या मधली फट मात्र उघडीच राहते. एका थ्रेडने ४१ वाचले, तो १ मिळवतोय तोवर दुसऱ्यानेही ४१ वाचले, आणि दोघांनी ४२ लिहिले. नोंदी दोन आल्या, आकडा एकानेच वाढला. मॅपच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही, मग एक्सेप्शन येणार कुठून?

गेट-पुट काढून एकच मर्ज ठेवा: की, १ आणि लाँगची सम (बेरीज करणारी) मेथड. कॉन्करंटहॅशमॅपमध्ये मर्ज अ‍ॅटॉमिक आहे, वाचणं-मिळवणं-लिहिणं एका दमात होतं. लॉक अख्ख्या मॅपवर नसतं; जावा ८ पासून ते त्या कीच्या बकेटपुरतं, म्हणजे ती की ज्या कप्प्यात पडते तेवढ्यापुरतं असतं. त्यामुळे कात्रजची नोंद लिहिताना कोथरूडची सहसा अडत नाही. सिंक्रोनाइज्ड लावून आकडा बरोबर येईल, पण आठही थ्रेड एकाच लॉकसाठी रांगेत उभे राहतील.

बाणेर_बॅकएंड
मर्ज बरोबरच. पण एखाद्याच मार्गावर नोंदींचा भडिमार असेल तर त्या एका बकेटवर गर्दी होते. तिथे व्हॅल्यू म्हणून लाँगअ‍ॅडर ठेवा. तो वाढ आत वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून ठेवतो आणि सम मागितली की बेरीज देतो. कंप्यूट-इफ-अ‍ॅबसेंट या मेथडने (की नसेल तर नवी व्हॅल्यू बनवून ठेवते) अ‍ॅडर मिळवायचा आणि इन्क्रिमेंट करायचं.

एक पथ्य पाळा: त्या मेथडला दिलेलं फंक्शन बकेटचं लॉक धरून चालतं. त्यात डेटाबेसला हात लावू नका आणि त्याच मॅपमध्ये दुसरी की भरू नका. जावा ९ पासून अशा वेळी 'रिकर्सिव्ह अपडेट'चं एक्सेप्शन येऊ शकतं. जावा ८ मध्ये थ्रेड तिथेच गरगरत राहायचा.

कर्वेनगर_जावा
लाँगअ‍ॅडर घ्या, पण मिनिटाला शून्य करणं तिथेच गोत्यात आणतं. सम-देन-रीसेट (बेरीज देऊन शून्य करणारी मेथड) चालू असताना दुसरीकडे वाढ होत असेल, तर आकडा अचूक मिळेल याची हमी नाही. अ‍ॅडरच मॅपमधून रिमूव्ह केला तरी भागत नाही: एखाद्या थ्रेडच्या हातात जुना अ‍ॅडर असतो, तुम्ही सम वाचून झाल्यावर तो त्यात वाढ करतो आणि ती नोंद कायमची जाते.

म्हणून शून्य करूच नका. अ‍ॅडर चढता ठेवा; आकडे वाचणाऱ्या थ्रेडने मागची सम स्वतःजवळ ठेवायची आणि आताच्या समेतून वजा करायची. उशिरा आलेली नोंद पुढच्या मिनिटात धरली जाते, हरवत नाही.

मर्जवरच राहायचं असेल तर कीजवरून फिरून प्रत्येकीला रिमूव्ह करा. परत मिळालेली व्हॅल्यू हाच त्या मिनिटाचा आकडा. त्यानंतरची नोंद नव्याने १ पासून सुरू होते. मात्र 'सगळं वाचा, मग क्लिअर करा' हे टाळा, कारण त्या दोन पायऱ्यांमध्येही तीच फट आहे.

हिंजवडी_फेज२
मर्ज लावला, ८,००,००० पुरते भरले. मिनिटासाठी लाँगअ‍ॅडर आणि वजाबाकी घेतो. नोंदी थ्रेडपर्यंत लिंक्डब्लॉकिंगक्यू नावाच्या रांगेतून येतात, तिथे काही बघायला हवं का?

बाणेर_बॅकएंड
हो, क्षमता दिली आहे का ते बघा. नाही दिली तर मर्यादा २,१४,७४,८३,६४७ धरली जाते, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा. थ्रेड मागे पडले की क्यू फुगते आणि मेमरी संपते. १०,००० सारखी मर्यादा घाला आणि पुटऐवजी वेळमर्यादा दिलेलं ऑफर वापरा. क्यू भरलेलीच राहिली तर ते फॉल्स देतं. अशी किती वेळा नोंद टाकून द्यावी लागली, त्याचाही एक अ‍ॅडर ठेवा.