मालदीवला बोटीवरून रात्री बेटावर जेवायला जायचंय, सोबत माळकरी वडील आहेत

अंबाजोगाईची लेक:
जानेवारीत आम्ही सहा जण मालदीवला पाच दिवस सफारी बोटीवर राहणार आहोत. न्याहारी आणि दुपारचं जेवण बोटीवरच. रात्री मात्र डिंगीतून, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीतून, गावाच्या बेटावर उतरून जेवायचं, असा भावाचा बेत आहे. प्रश्न अण्णांचा. वय 71, माळकरी, समुद्र अजून बघितलेला नाही. पाणी म्हणलं की त्यांना धनेगावचं मांजरा धरण. म्हणतात, "तुम्ही जा, मी बोटीवर दशमी खातो." त्यांना एकटं ठेवून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. न्यावं का? तिथं खायला काय मिळेल?

नांदेडचा आचारी:
ताई, अण्णांना न्याच. अशाच एका बोटीवर मी सहा वर्षं स्वयंपाक केलाय, म्हणून सांगतो. खडकांमुळे सफारी बोटी रात्री हलत नाहीत, संध्याकाळीच नांगर टाकतात. मग अण्णा वर एकटे काय करतील?

जेवणाचं मात्र आदल्या दिवशीच बोलून ठेवा. तिथं ट्यूना मासा सगळ्यात असतो. वाळवलेल्या माशाचा चुरा नारळाच्या कोशिंबिरीतसुद्धा पडतो, आणि तो तिथल्या लोकांना मांसाहार वाटतच नाही. माझ्या पहिल्या वर्षी एका आजींना मी हॉटेलवाल्याच्या भरवशावर भाजी वाढली. पहिल्या घासालाच त्यांना वास आला. त्या रात्री त्या उपाशी झोपल्या. ते मला अजून सलतं. तेव्हापासून मी "व्हेज" म्हणणं सोडलं, "मासा नको, माशाचं पाणीही नको" असं फोडून सांगायचो. मासा म्हणजे त्यांच्या दिवेही भाषेत "मस", आपल्या शब्दाचाच भाऊ. वाढणारी पोरं बरीचशी बांगलादेशी असतात, हिंदी समजते. रोशी मागा, ती आपली पोळीच. सोबत डाळ, मासा न घातलेला भोपळ्याचा रस्सा, पपई. अण्णांचं पोट भरेल.

वेळ सांभाळा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नमाजाला दुकानं थोडा वेळ बंद होतात. ऐन त्या वेळी उतरलात तर बंद दारं बघाल. सव्वापाचला उतरा. धक्क्याजवळ जोली असतात, लोखंडी चौकटीवर जाळी विणलेली बसायची जागा. गावातले म्हातारे तिथं बसतात, जसे आपल्याकडं पारावर. अण्णांना तिथं बसवा. भाषा नाही आली तरी ते रमतील, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गावात दारू मिळत नाही. बायकांनी खांदे-गुडघे झाकावेत. धोतर चालतं. पूजेची मूर्ती बॅगेत ठेवू नका, तिथल्या कस्टम्सला चालत नाही.

मुरूडची वर्षा:
मी आईला नेलं होतं, तिचे गुडघे दुखतात. डिंगीत काठावर पाय ठेवू देऊ नका, डगमगते. एकेकानं उतरायचं, पाय मधोमध, आणि लगेच खाली बसायचं. खलाशाचा हात मनगटाला धरायचा, बोटं धरली की निसटतात. चप्पल मागं पट्टा असलेली हवी, ओहोटीला पोवळ्याच्या दगडातून चालावं लागू शकतं. जानेवारीत समुद्र बहुतेक शांत असतो, तरी वारा सुटला तर बेत रद्द करा, त्यात कमीपणा नाही.

अंबाजोगाईची लेक:
सगळं अण्णांना वाचून दाखवलं. आजींचं ऐकून गप्प झाले. मग एवढंच विचारलं, अंधारात आपली बोट कोणती हे कसं कळणार?

नांदेडचा आचारी:
नांगरलेल्या प्रत्येक बोटीवर चहूकडून दिसणारा पांढरा दिवा असतो, त्यामुळे लांबून साऱ्या सारख्याच दिसतात. निघताना वरच्या डेकचे दिवे चालू ठेवायला सांगा. डिंगीवाला आपल्याच बोटीचा असतो, तो चुकत नाही. अण्णांना पुढं बसवा आणि हातात बॅटरी द्या.