बाप हट्टी की खंबीर?

ताई, ‘प्रायव्हेट’ सिनेमातला पॅलेस्टिनी बाप पोरांचा जीव धोक्यात घालतो, त्याने घर सोडायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. इस्रायली सैनिक त्याच्या घराचा वरचा मजला बळकावतात, रात्री अख्ख्या कुटुंबाला खालच्या एका खोलीत कोंडून कुलूप लावतात. सकाळी बाप शाळेत शिकवायला जातोच! एकदा घर सोडलं की परत मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मोहम्मद बाक्री यांनी तो फार आवाज न चढवता उभा केलाय. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात सिनेमाला सुवर्ण बिबट्या हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त लागली ती त्याची मुलगी. ती चोरून वर जाते, कपाटात दडते आणि फटीतून सैनिकांना बघत राहते. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरकडची. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीला, ‘भारत छोडो’च्या लढ्यात चिमूर पेटलं आणि दोन-तीन दिवसांत गोरी फौज गावात शिरली. बायांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपास केला. माझ्या आजीला तिच्या मायने धान्याच्या ढोलीत बसवलं होतं. श्रावणात ढोली रिकामीच असते. शेणाने सारवलेल्या बांबूच्या फटीतून तिला फक्त बूट दिसत होते. म्हातारपणीही दारात बूट वाजले की तिचा हात आधी कडीवर जायचा.

कपाटाचा प्रसंग पुन्हा एकदा बघा ताई, आवाज मोठा ठेवून.