मदत हवी आहे: फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर लीड अँगल दिला, पण डाग गेला नाही, नुसता सरकला

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत मोल्डच्या एका जॉबशॉपमध्ये प्रोग्रामिंग करतो. थ्री-अ‍ॅक्सिस व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) सात वर्षं काढली. दिवाळीनंतर शेठनी फाइव्ह-अ‍ॅक्सिस आणलं आणि मी पुन्हा शिकाऊ झालो. मशीन ट्रनियनवालं आहे, म्हणजे ए (टेबल झुकवणारा अक्ष) आणि सी (टेबल गोल फिरवणारा अक्ष) दोन्ही टेबलाकडे, स्पिंडल उभाच. कंट्रोल फानुक, प्रोग्राम जी४३.४ वर (अक्ष फिरले तरी टूलचं टोक वाटेवर ठेवणारा कोड) चालतो.

जॉब पी२० स्टीलचा कोअर, म्हणजे मोल्डचा उंचवट्याचा भाग. वरचा भाग पालथ्या ताटलीसारखा उथळ, पण गोल नाही, लंबगोल. कडेला उतार जास्तीत जास्त २५ अंश. १० मिमीचा कार्बाइड बॉलनोज (गोल टोकाचं टूल), फिनिशिंगला ०.२ मिमी माल, ८००० आरपीएम, लांबीच्या दिशेनं झिगझॅग.

आधी टूल सरफेसला काटकोनात ठेवलं. सगळा पृष्ठभाग खरवडल्यासारखा आला आणि ऐन माथ्यावर एक ठसठशीत रेघ. खरवडण्याचं कारण कळलं: बॉलच्या टोकाला फिरण्याचा वेग शून्य, तिथं टूल कापत नाही, घासतं. ०.२ मिमी खोलीला कापणारा व्यास जेमतेम २.८ मिमी, म्हणजे मिनिटाला ७० मीटर. १५ अंश लीड दिल्यावर, म्हणजे टूल चालीच्या दिशेनं पुढं झुकवल्यावर, तोच व्यास ५.२ मिमीच्या आसपास जातो, वेग १३० मीटर, आणि टोक कटमधून बाहेर. फिनिश एकदम सुधारला. माथ्यावरची रेघही गेली.

पण आता दोन नवे डाग! माथ्याच्या अलीकडे-पलीकडे, मधल्या पाच-सहा पासमध्येच. दार उघडं ठेवता येत नाही, म्हणून काचेला डोळा लावून बघितलं: तिथं आल्यावर फीड मरतो, सी टेबल गर्रकन अर्धा फेरा मारतं, टूल जागच्या जागी घासतं. फीड ३० टक्क्यांनी कमी करून झाला, टॉलरन्स घट्ट करून झाला. सिम्युलेशनमध्ये ना टक्कर, ना गाउज (टूल जादा आत घुसणं). पॉलिशवाला म्हणतो डाग खोल आहे, काढायला गेलो तर आकार बसेल. सोमवारी ट्रायल आहे. कुठं चुकतंय?

प्रतिसाद

दोन्ही डाग चढावर आहेत का? म्हणजे टूल वर चढत असताना येतात आणि उतरताना कधीच येत नाहीत, असं आहे का बघा.

प्रतिसाद (धागाकर्ता)

आत्ता प्रोग्राम लावून बघितला. हो सर, अगदी तसंच! जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. दोन्ही वेळा चढावर.

प्रतिसाद

मग मशीन ठीक आहे, पोस्टलाही (सॉफ्टवेअरमधला टूलचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) शिव्या देऊ नका. तुमच्या टेबलावर ए शून्य झाला की टूलचा अक्ष आणि सीचा अक्ष समांतर होतात. त्या क्षणी सी कुठंही असला तरी टूलची दिशा तीच. पलीकडे पाऊल टाकलं की मात्र सी एकदम दुसरीकडे हवा असतो, म्हणून तो गर्रकन फिरतो. जी४३.४ टूलचं टोक वाटेवर ठेवतं, पण सीला फिरायला वेळ तर द्यावाच लागतो. म्हणून फीड मरतो.

टूल काटकोनात होतं तेव्हा ही जागा माथ्यावर होती. लीड १५ अंश दिला, पण तो सरफेसच्या मानानं. जिथं चढच १५ अंशांचा आहे तिथं पुढं झुकलेलं टूल पुन्हा उभं! झिगझॅगमध्ये दर पासला दिशा उलटते, लीडही उलटतो, म्हणून डाग दोन. लीड २० केलात तर डाग आणखी खाली सरकेल, एवढंच.

टूलला सरफेसमागे धावायला लावू नका. तुमचा उतार २५ अंशांच्या आत आहे. ए ४० अंशांवर लॉक करा, सी लॉक करा आणि तीन अक्षांत फिनिश मारा. झुकलेल्या बाजूच्या कडेलाही सरफेसला काटकोनातली रेषा आणि टूल यांत १५ अंश उरतात, म्हणजे टोक लागत नाही. समोरच्या कडेला ६५ होतात, बॉलला तेही चालतं. ब्रेक लागलेलं टेबल जास्त ताठ राहतं, हा वरचा फायदा. फक्त टूल किती बाहेर काढावं लागतंय आणि होल्डर टेबलाला लागतोय का, हे आधी बघा.

प्रतिसाद (दुसरे सदस्य)

वरचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. एका कडेला वेग १३० आणि दुसऱ्या कडेला २५० च्या आसपास जाईल, चकाकी थोडी वेगळी दिसेल. एकसारखी हवी असेल तर पाचही अक्ष चालवा, पण टूल अक्ष एका बिंदूकडे रोखलेला ठेवा आणि तो बिंदू जॉबच्या हद्दीबाहेर, वर आणि एका अंगाला घ्या. बिंदू कधीच टूलच्या डोक्यावर येत नाही, म्हणजे ए शून्यावर जात नाही.

प्रतिसाद (धागाकर्ता)

शनिवारी सेकंड शिफ्टला भंगारातल्या तुकड्यावर ए ४० लॉक करून मारलं. डाग नाही! वेळही वाचला. लांबच्या अंगाला चकाकी किंचित जास्त आहे, पण पॉलिशवाला म्हणतो एवढं तो मिळवून घेईल. बिंदूवाली पद्धत पुढच्या कोअरला करून बघतो, तेव्हा याच धाग्यावर लिहीन. शेठनी टेबल हलत नाही हे बघितलं आणि विचारलं, "मग पाच अक्षांचे पैसे कशाला मोजले मी?" ए ४० वर उभा आहे तो त्याच पैशांत, असं सांगून निघालो, ८:४० ची ठाणे गाडी पकडायची होती.