रूट (सर्वाधिकार) न देता एका युजरला व्हीसीएसए (लिनक्स कन्सोलच्या स्क्रीनवरचा मजकूर देणारी डिव्हाइस फाइल) वाचू द्यायचं आहे, काय करावं?

काळी_खिडकी: डेबियन १२, ग्राफिक्स नाही, नुसता टेक्स्ट कन्सोल. एका अंध विद्यार्थिनीसाठी छोटा पायथन प्रोग्रॅम /डेव्ह/व्हीसीएसए२ (दुसरा कन्सोल) मधला मजकूर उचलून ईस्पीककडे (मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) देतो. तिच्या खात्यातून चालवला की 'परमिशन डिनाइड'. सुडो (रूटच्या हक्कानं कमांड चालवणं) द्यायचं नाही, खर्च शून्य. फक्त वाचायची परवानगी कशी देऊ?

गणूचा_बॅश: सोपं आहे. ते नोड (डिव्हाइस फाइली) रूट:टीटीवाय, ०६६० असतात, म्हणजे मालक रूट आणि टीटीवाय ग्रुप, दोघांनाही वाचता-लिहिता येतं. तिला टीटीवाय ग्रुपात घाला, लॉगआउट-लॉगइन करा. आमच्याकडे कित्येक वर्षं असंच चाललंय.

टर्मिनल_ताई: कृपा करून असं करू नका. एसएसएचने (नेटवर्कवरून) आलेल्यांचे पीटीएसही (त्यांच्या टर्मिनलचे नोड) टीटीवाय ग्रुपचेच, सहसा ०६२० (ग्रुपला फक्त लिहिता येतं). म्हणजे तिला दुसऱ्याच्या टर्मिनलवर एस्केप सिक्वेन्ससकट (टर्मिनलला हुकूम देणारी अक्षरं) काहीही लिहिता येईल. शिवाय सगळ्या कन्सोलचे व्हीसीएस उघडे, रूटच्या पहिल्या कन्सोलवर जे दिसतंय तेसुद्धा. वेगळा सिस्टम ग्रुप काढा आणि यूडेव्हचा (डिव्हाइस नोडचे हक्क ठरवणारी सेवा) नियम लिहा: सबसिस्टम व्हीसी, कर्नेल व्हीसीएसए२, तो ग्रुप, मोड ०६४० (ग्रुपला फक्त वाचता येतं). फाइलच्या नावाला ६० चा आकडा द्या, कारण मूळ नियम ५० मध्ये आहे आणि नंतरचा वरचढ ठरतो. नुसतं चमॉड (हातानं मोड बदलणं) रीबूटला पुसलं जातं.

जुनी_टोपी: रेड हॅटने हे केव्हाच सोडवलं होतं. तिथे व्हीसीएसए नावाचा युजरच होता, यूआयडी (युजर क्रमांक) ६९, कन्सोल मेमरीचा मालक. मिडनाइट कमांडर या फाइल मॅनेजरचा कॉन्स-सेव्हर (कन्सोलची स्क्रीन जपून ठेवणारा प्रोग्रॅम) त्याच्या हक्कानं चाले.

गणूचा_बॅश: म्हणजे ग्रुपच. मी तेच म्हणत होतो.

टर्मिनल_ताई: तेच नाही. टीटीवाय वेगळा, हा वेगळा.

ब्रेलप्रेमी: ४० सेलचा ब्रेल डिस्प्ले घ्या आणि बीआरएलटीटीवाय (कन्सोल ब्रेलमध्ये दाखवणारा प्रोग्रॅम) लावा. कोड वाचताना आवाजापेक्षा बोटं कितीतरी अचूक. स्वल्पविराम की अर्धविराम, ऐकून कळत नाही.

चार_बाइट: खर्च शून्य म्हटलंय हो. बीआरएलटीटीवाय ब्रेलशिवाय नुसत्या ईस्पीकवरही चालतो, तो सेवा म्हणून लावा, परवानगीचा प्रश्नच उरत नाही. स्वतःचाच प्रोग्रॅम ठेवायचा तर व्हीसीएसएचे पहिले ४ बाइट नीट वाचा: ओळी, रकाने, कर्सरचा एक्स, वाय. पुढे अक्षर-रंग अशा जोड्या. ८० बाय २५ ला एकूण ४००४ बाइट, मध्ये कुठेही न्यूलाइन नाही. आणि मराठी मजकूर असेल तर व्हीसीएसए निरुपयोगी, त्यात फॉन्टमधल्या चिन्हाचा क्रमांक येतो. कर्नेल ४.१९ पासून व्हीसीएसयू आहे, प्रत्येक अक्षराला ४ बाइट युनिकोड. पण कन्सोल यूटीएफ-८ मोडमध्ये हवा, आणि पहिल्यांदा वाचण्याआधी स्क्रीनवर असलेला मजकूर चिन्हांवरूनच भरला जातो. म्हणून लॉगिन होताच एकदा वाचून टाका.

जुनी_टोपी: टीटीवाय२ (दुसरा कन्सोल) कुणी उघडल्याशिवाय त्याचा व्हीसीएसए नोडच नसतो, हेही लक्षात घ्या. बूटच्या स्क्रिप्टमध्ये सेटएफएसीएल (एकेका युजरला हक्क देणारी कमांड) घातलंत तर फाइल सापडणार नाही.

काळी_खिडकी: सगळ्यांचे आभार. ग्रुप काढला नाही, एकाच माणसासाठी तो नको वाटला. यूडेव्हच्या नियमातच 'रन' (कमांड चालवायची सोय) लावून सेटएफएसीएल केलं, व्हीसीएसए२ आणि व्हीसीएसयू२ वर फक्त तिला आर (वाचायचा हक्क). नोड तयार झाला की हक्क आपोआप बसतो. नियम रीलोड करून व्हीसी सबसिस्टमला ट्रिगर दिला, गेटएफएसीएलमध्ये (हक्क दाखवणारी कमांड) तिचं नाव दिसलं. ती नेहमी ऑल्ट-एफ२ वरच बसणार. व्हीसीएसए१ उघडून पाहिला, तिथे 'परमिशन डिनाइड'च येतं.

टर्मिनल_ताई: तरी ग्रुपच बरा होता. उद्या दुसरा विद्यार्थी आला की नियमात पुन्हा नाव घालत बसाल.