वरातीचा बँड ठरवताना आठवलेला चित्रकलेचा तास

गिरगावातून:
माझ्या भाचीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दादरला आहे. वरातीला ध्वनिक्षेपकावरची गाणी नकोत, समोर वाजवणारी माणसेच हवीत, असा तिचा आग्रह असल्यामुळे गेल्या रविवारी मी आमच्या भागातल्या एका बँडच्या गाळ्यात गेले होते. भिंतीवर सोनेरी झालरीचे लाल कोट टांगलेले होते, कोपऱ्यात युफोनियम हे मोठे पितळी वाद्य उपडे ठेवले होते आणि एक वयस्क वादक क्लॅरिनेटचे भाग सुटे करून ते आतून कापडाने पुसत बसले होते. सुपारीचे बोलणे सुरू होण्याआधीच माझे मन शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन पोहोचले.

शाळेतल्या चित्रकलेच्या दोन ग्रेड परीक्षांपैकी दुसरी, इंटरमिजिएट, तिच्या तयारीसाठी बाईंनी आम्हाला स्मरणचित्राला ‘लग्नाची वरात’ हा विषय दिला होता. मी घोडा, नवरदेव, डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायका आणि दोन्ही बाजूंना ट्रम्पेटवाले काढले होते. चित्राचा तोल साधावा म्हणून एका बाजूच्या वादकांना मी कळा उजव्या हाताने दाबायला लावल्या आणि दुसऱ्या बाजूच्या वादकांना डाव्या. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “वाजवणाऱ्याचा हात कधी नीट पाहिला आहेस का?” त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या आम्हा सात मुलींना ठाकूरद्वारच्या नाक्यावर घेऊन गेल्या आणि तिथून निघणारी एक वरात आम्ही वह्या घेऊन, उभ्या उभ्या पाहिली. ट्रम्पेटच्या तिन्ही कळा उजव्या हाताखाली असतात, क्लॅरिनेटवर डावा हात वर आणि उजवा खाली असतो, बेस ड्रम छातीवर असल्यामुळे तो वाजवणारा कडेने मान काढून रस्ता पाहतो, हे मी त्या दिवशी शिकले आणि आजवर विसरलेले नाही. तोपर्यंत बँड हा माझ्यासाठी एक लाल रंगाचा पट्टा होता. त्या संध्याकाळी त्यात बारा माणसे दिसली.

ज्यांनी लग्नासाठी बँड ठरवला आहे, किंवा ज्यांना चित्रकलेचे असे दिवस आठवतात, त्यांनी कृपया लिहावे.

वरळी कोळीवाड्यातून:
आमच्याकडे हळदीला बँड वाजला नाही तर हळद लागली असे कोणी मानत नाही, त्यामुळे बँड ठेवावा की नाही हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. माझे काका साइड ड्रम वाजवत असत. मी आठवीत असताना आमच्या चित्रकलेच्या सरांनी त्यांना वर्गात बसण्याची विनंती केली आणि काका गणवेश इस्त्री करून, ड्रमचे पितळ चिंचेने घासून शाळेत आले. दोन तास ते हलले नाहीत. बाहेर त्यांच्या वाजवण्याकडे सगळे पाहत असत, पण त्यांच्याकडे इतका वेळ कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. माझे ते चित्र त्यांनी शेवटपर्यंत देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवले होते.

लालबागहून:
ताई, बोलणी करताना वादकांची संख्या आणि प्रत्येक वाद्याचे नाव कागदावर लिहून घ्यावे, असे मी अनुभवाने सांगतो. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात पंधरा जणांचा बँड ठरला होता आणि मोजल्यावर पंधराच जण भरले. परंतु माझी बहीण, जिने शाळेत दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “दादा, मागच्या चौघांची बोटे हलत नाहीत.” ती चार मुले केवळ कोट घालून, वाद्य ओठांशी धरून चालत होती. मालकाशी वाद झाला, पैसे कमी झाले, तरी त्या मुलांविषयी मला आजही वाईट वाटते, कारण ती रोजावर आणलेली होती आणि आमचे बोलणे ऐकून त्यांची मान खाली गेली होती. जेवायला मात्र आईने त्यांना सर्वांत आधी बसवले.

मुलुंडहून:
दादा, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे वरात उशिरा निघाली आणि दहा वाजता बँड थांबवावा लागला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून लागू आहेत आणि रात्री दहानंतर वाजवता येत नाही, हे ठाऊक असूनही नवरदेवाचा फेटा बांधण्यातच पाऊण तास गेला. वरातीची वेळ सातचीच ठेवावी.

विलेपार्ल्याहून:
मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचे आता दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी अधिक नाव घेतले जाते. गुण मिळावेत यात काही गैर नाही, पण त्यामुळे मुले स्मरणचित्र पाठ करून येतात, याचे मला मनापासून दुःख होते. एकच वरात, एकच घोडा, एकाच ठिकाणचे झाड मी शेकडो कागदांवर पाहिले आहे. स्मरणचित्रात आधी पाहणे आहे आणि मग स्मरण आहे. १८५७ साली सुरू झालेल्या आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची जी चित्रे काढली, ती मी दरवर्षी मुलांना दाखवत असे. लुगड्याचा काचा किंवा डोक्यावरच्या ओझ्यामुळे बदललेली चाल घरी बसून सुचत नाही. ताईंच्या बाईंनी मुलींना नाक्यावर नेले, याहून चांगला धडा मला माहीत नाही.

परळहून:
सर, पोस्टर कलरमध्ये पितळ कसे रंगवावे? माझी मुलगी नुसता पिवळा लावते आणि वाद्य केळ्यासारखे दिसते. माझ्या लहानपणी कॅम्लिनच्या छोट्या बाटल्यांचा बारा रंगांचा संच आम्हा दोघा भावंडांत एकच होता आणि त्यातला पिवळा नेहमी आधी संपायचा.

विलेपार्ल्याहून:
पितळाला स्वतःचा रंग थोडा आणि शेजारचा रंग फार असतो. यलो ऑकरने, म्हणजे मातकट पिवळ्याने, सुरुवात करावी, वळणाच्या कडेला बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी आणि गडद तपकिरी आणावा, कोट लाल असेल तर त्याची लाली वाद्याच्या खालच्या बाजूस दाखवावी आणि सर्वांत शेवटी पांढऱ्याचे दोनच ठिपके द्यावेत. मुलीला पूजेचा तांब्या खिडकीत ठेवून आधी तो रंगवायला सांगावा.

गिरगावातून:
सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा गाळ्यात जाऊन मी बँड पक्का केला. बारा वादक, त्यांत दोन क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन आणि एक युफोनियम, बाकी ताल, वेळ सात ते साडेनऊ, जेवण आमच्याकडे, सर्व लिहून घेतले. क्लॅरिनेटवाल्या मास्तरांना मी ठाकूरद्वारची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी पुसलेले क्लॅरिनेट जोडून माझ्या हातात दिले आणि माझी बोटे स्वतः छिद्रांवर बसवली, डावा हात वर, उजवा खाली. बुधवारी संध्याकाळी त्यांचा सराव आहे आणि त्यांनी मला बसण्याची परवानगी दिली आहे. भाची म्हणते की ती पण येणार, म्हणून दोन चित्रवह्या घेऊन ठेवल्या आहेत.